नळी तुंबली, कोमट पाणी

मोठ्या सिस्टरांच्या नाकावर राग असतो, असं सातव्या वॉर्डात सगळेच म्हणायचे. असणारच. नाकातल्या नळीवाटे जेवणाऱ्या पेशंटला घरी सोडताना त्या घरच्यांच्या हातात एक कागद ठेवत. नळी तुंबली तर काय करायचं, याच्या व्हिडिओचा लांबलचक पत्ता त्यावर छापलेला. घरच्यांची सगळी भिस्त त्या ओळीवर.

आणि कॉम्प्युटर विभागाचे साहेब दर वर्षी वेबसाइटला नवे कपडे चढवायचे. पानं इकडची तिकडे केली की छापलेले पत्ते मेले. कागद साहेबांच्याच सहीने छापायला जायचा, म्हणून सिस्टरांनी त्यांना तीन अर्ज दिले. पत्ता नको, शोधायचे शब्द छापा. तेच शब्द पानावर ठेवा, मग पान कुठेही हलवा, शोधलं की सापडेल. साहेबांनी तिन्ही अर्जांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या. कागद म्हणे गावंढळ दिसेल.

त्या सोमवारी दुपारी वॉर्डात एका मुलीचा फोन आला. वडिलांची नळी सकाळपासून तुंबलेली, पोटात ना जेवण ना औषध. आता ती जोर लावून ढकलणार होती. सिस्टरांनी तिला आधी थांबवलं. कोमट पाणी किती, कसं, ते सांगितलं आणि नळी मोकळी होईपर्यंत फोन ठेवला नाही. मग विचारलं, कागद दिला होता ना?

"चार वेळा पत्ता टाकला, सिस्टर. पान नाही म्हणतंय. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक साहेबांची आणि शरमत होती ती पोर.

दोन जिने चढून त्यांनी कागद साहेबांपुढे आपटला आणि पत्ता एकेक अक्षर करून त्यांनाच टाइप करायला लावला. पडद्यावर आलं, हे पान उपलब्ध नाही. सिस्टरांनी मुलीला फोन लावून रिसीव्हर साहेबांच्या हातात दिला.

"वाचून दाखवा तिला. आणि चूक कोणाची, तेही सांगा."

पहिलं वाक्य साहेबांनी वाचलं. 'चूक माझी' हे दुसरं वाक्य तोंडातून निघेपर्यंत सिस्टर त्यांच्यासमोरून हलल्या नाहीत.

आता कागदावर एवढंच असतं: 'नळी तुंबली कोमट पाणी वॉर्ड सात' असं शोधा. त्यानंतर वेबसाइट दोनदा बदलली, पान दोन्ही वेळा सापडलं. मीटिंगमध्ये साहेब ही कल्पना स्वतःचीच म्हणून सांगतात.

परवा त्या मुलीचा पुन्हा फोन आला. वडील आता चमच्याने खातात. सिस्टर तिच्याशी भरभरून बोलल्या. साहेबांशी अजून बोलत नाहीत.