बायकोचा रणगाडा

मी शाळंत दोन वर्सं गेलो आणि दोनी वर्सं पयलीतच काढली. तवा लिवण्या-वाचण्याचं इचारूच नका. कसबा बावड्यात आमच्या चार म्हशी. सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या आणि मधल्या दुपारी बायकोसंगं टीव्हीवर रणगाडं खेळायचं, एवढाच आमचा संसार.

त्यो व्हिडिओ गेम लग्नाच्या दुसऱ्या वर्सी आणला, पोरं खेळतील म्हणून. पोरं काय झाली न्हाईत, मग आमीच खेळाय लागलो. माझा गाडा पिवळा, तिचा हिरवा. खाली आपला किल्ला राखायचा, वरनं येणारं दुश्मन मारायचं. ती सातवी शिकलेली, दोन दिसांत तरबेज झाली. मी आपला समदी बटणं एकदम दाबायचो. गोळी हमखास तिलाच लागायची आणि तिचा गाडा जाग्यावर थिजायचा.

"अवो, दुश्मन वर हाय!"

"चुकून लागली गं."

"बरी चुकून बायकूच सापडती तुमास्नी!"

एकदा तर मी आमचाच किल्ला उडवला. ती इतकी हासली की गोठ्यातलं रेडकू दचकलं.

पुढं बारा-तेरा वर्सांनी ती तापानं गेली. आठ दिस दवाखान्यात हुती. मला पाटी वाचता येत न्हाय, म्हणून मी रोज आदी दुसऱ्याच वार्डात शिरायचो. ती गेली तवाबी मी कुणा भलत्याच म्हातारीच्या खाटंजवळ मोसंबी घिऊन हुबा हुतो.

तेरावं झाल्यावर एका दुपारी मशिन लावलं. हात सवयीनं दोघांच्या खेळावर गेला. दोन गाडं आलं. माझा हालत हुता, तिचा उजव्या अंगाला नुसता हुबा. तिचा रिमोट चटईवर तसाच. त्या दिसापासनं मी दुश्मन मारायचं सोडलं. नुसता तिच्या म्होरं आडवा थांबायचो. पयल्या डावाच्या पुढं कवा गेलो न्हाय. तिचा गाडा फुटला की मशिन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी परत हुबा करायचा. तेवढ्यासाठी ते मशिन जगवायचं हुतं मला.

पर मशिन म्हातारं झालतं. कॅशेटीत फुकून फुकून माझीच छाती भरायची. ती ढिली बसायची, म्हणून वर दुधाचं माप दाबून ठेवायचो. तुटकी वायर तर म्हशीच्या दाव्यानं बांधलीती. टीव्ही दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणायचा, "मामा, नवं घ्या की. शंभर गेम येत्यात."

"मला एकच पायजे."

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्यात राबणाऱ्या समद्या वस्तू पुजत्यात. इळा, किटल्या, सायकल. बायकू हुती तवा मशिनबी पुजायची. म्हटलं आपुनबी करू. वल्या फडक्यानं पुसलं, आंब्याच्या पानानं पाणी शिपडलं, हळद-कुकू मूठभर वाहिलं. वर्सभर राबलंय बिचारं! ती आदी कॅशेट काढायची, मशिन पिलास्टिकच्या पिशवीत घालायची आणि पिशवीलाच हळद-कुकवाचं बोट लावायची, ते मला मागनं आठवलं. इतकी वर्सं म्होरं बसून मी काय बगत हुतो कुणास ठाऊक.

मशिन लावलं, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या.

मिस्त्रीनं खोलून बघितलं. आत हळदीचा चिखल.

"मामा, पूजा केलीसा का फोडणी घातलीसा?"

दोन दिस त्यानं ते उनात वाळवलं, बरशानं घासलं. तिसऱ्या दिवशी मला दुकानात बोलावलं आणि तिथल्या टीव्हीला जोडलं. चित्र आलं! म्हणाला, "आता बंद करू नगासा. परत उठंल ह्याची ग्यारंटी न्हाय."

मी दोघांचा खेळ लावला. हिरवा गाडा उजवीकडं हुबा राहिला. तेवढ्यात मिस्त्रीनं दुसरा रिमोट चालतोय का बघाय उचलला आणि तिचा गाडा हालला. ती गेल्यापासनं पयल्यांदा. वळणं घेत वर निघाला, एक दुश्मन उडवला.

"ठेव खाली! तिचा हाय त्यो!" मी वरडलो, आणि उठून मशिनचं बटणच बंद केलं.

मिस्त्रीनं रिमोट खाली ठेवला. हळूच म्हणाला, "कुणाचा, मामा?"

"बायकोचा."

त्यानं बटण दाबलं. काय न्हाय. परत दाबलं. काय न्हाय. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता वाटतंय, चालला हुता की त्यो वर, अगदी तिच्यावानी. जरा बगत बसलो असतो तर माझं काय जात हुतं?

दुकानात गिऱ्हाइकं येत हुती. "उद्या या," म्हणून मिस्त्री त्यास्नी परत लावत हुता आणि वाकून बटण दाबत हुता. उठायचं न्हाय ते, हे त्यालाबी कळत हुतं. पर दुपारभर मी काय त्याला थांब म्हटलं न्हाय.