सतरावा गोल

चांदे गावात गोजराबाईला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिच्या तोंडाचा पट्टा ऐकला नाही असा तर नाहीच नाही. वरच्या खोलीतल्या भाडेकरूनं नळ सोडून ठेवला की ती अंगणातून अशी हाक मारायची, की तो अंगाला साबण तसाच ठेवून नळ बंद करायचा. भाजीवाला तिच्याशी भावावरून हुज्जत घालत नसे. पण हीच बाई भावकीपुढं आली की मूग गिळून बसायची. त्याला कारण होतं, आणि ते कारण बाहेरच्या खोलीत खाटेवर निजलेलं असायचं.

राजू तिचा एकुलता एक. २००५ साली हिंजवडीकडचा जमिनीचा तुकडा विकला, तेव्हा कुशाबानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पोराला हौसेनं मोटारसायकल घेऊन दिली. चार महिन्यांत पौड रस्त्याच्या एका वळणावर ती डंपरवर आदळली. राजू वाचला. वाचला म्हणायचं एवढंच. मानेखालचं सगळं गेलं, उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची. गाडी मीच घेऊन दिली, हे कुशाबानं मनाला लावून घेतलं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तोही गेला.

आता राजूला दवाखान्यात न्यायचं तर खाटेला चार माणसं लागत. ती भावकीचीच असत. समोरच्या घरातला जनार्दन, कुशाबाचा चुलतभाऊ, हा भावकीतला थोरला. त्यानं ओट्यावरून नुसतं खाकरलं तरी चार पोरं उठून यायची. उद्या तो खाकरलाच नाही तर काय, या एका धास्तीनं गोजराबाई त्याच्या घरावरून जाताना आवाजसुद्धा खाली आणायची.

वरच्या खोलीत निषाद राहायचा. अकोल्याचा पोरगा, हिंजवडीत कंप्युटरच्या कंपनीत. जिना बाहेरून होता, त्यामुळे त्याचा खालच्यांशी संबंध भाड्यापुरताच. एका रविवारी संध्याकाळी त्याची केबल गेली आणि तो दारात येऊन उभा राहिला.

"काकू, दोन तास टीव्ही लावू का? रेस आहे. मोटारींची."

गोजराबाई उसळली. "ज्या वेगानं माजं पोर खाल्लं, तो हितं माज्या घरात दाखवतुयास व्हय रं?"

"लावू दे, आये," खाटेवरून राजू म्हणाला. कित्येक महिन्यांत त्यानं आपण होऊन मागितलेली ती पहिली गोष्ट होती. वेगाचं नाव त्याच्यासमोर कुणी काढत नसे. जो येई तो वेगानं कसा घात होतो एवढंच सांगून, चहा पिऊन जाई. वेग ही त्याची आवडती गोष्ट होती आणि ती अजून आवडते, हे त्याला विचारायला कुणी आलं नव्हतं.

त्या दिवशी गाड्या मध्येच थांबल्या, वीसेक माणसं धावत आली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चारी चाकं बदलून बाजूला झाली. राजू हसला. "बघितलंस का, आये? येकाबी मान्सानं दुसऱ्याला 'धर रं' म्हनलं न्हाई."

तिला त्यातलं ओ का ठो कळलं नाही. कळलं ते वेगळंच. रेस असलेल्या आठवड्यात राजू दीड भाकरी खायचा, नसलेल्या आठवड्यात अर्धी. पाठीला जखमा होऊ द्यायच्या नसतील तर अंगात ताकद हवी, खाल्लं पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग बाई शहाणी झाली. निषादनं भिंतीवरच्या कॅलेंडरात रेसच्या रविवारांना लाल पेनानं गोल केले होते, २००७ सालचे सतरा. अक्षरओळख नसलेली गोजराबाई ते गोल बोटानं मोजायची. निषाद आता स्वतःचा टीव्ही सोडून दर गोलाला खाली यायचा आणि ती त्याला दोनदा चहा द्यायची, एरवी ती भाडेकरूला पाणीसुद्धा विचारत नसे. राजूचा जीव लाल गाडीवाल्यावर होता, म्हणून तिनं भैरवनाथाला त्या परमुलखातल्या माणसासाठी पाच नारळ बोलले. भैरवनाथानं कपाळावर हात मारून घेतला असेल, पण नवस तो नवस.

सोळा गोल झाले तेव्हा लालवाला तिसरा होता. पहिला होता एक नवखा पोरगा, एकशे सात गुणांवर. दुसऱ्याचे एकशे तीन, लालवाल्याचे शंभर. सतरावी रेस ब्राझीलला. आपल्याकडे रविवारी रात्री साडेनऊला, नेमकी दसऱ्याच्या दिवशी. पहिला येणाऱ्याला दहा गुण, मागच्यांना उतरत्या क्रमानं कमी.

"लालवाल्यानं पहिलं यायलाच पाहिजे," निषादनं समजावलं, "आणि तो नवखा पार मागे पडला पाहिजे. खरं सांगू? चान्स जवळजवळ नाही."

"माजाबी न्हवता," राजू म्हणाला.

ते दोन आठवडे त्या घरात दुसरा विषय नव्हता. राजूनं दाढी करून मागितली. कपाटाच्या तळातला लाल शर्ट काढायला लावला. बाह्यांत हात जाईनात तर गोजराबाईनं तो पाठीमागून उसवून घेतला. निषाद ऑफिसातल्या दोन मित्रांना आणणार होता आणि ती कांदाभजी तळणार होती. राजू रोज सकाळी विचारायचा, "किती राह्यलं, आये?" ती कॅलेंडरावर बोट ठेवून सांगायची. दोन वर्षांत तिनं त्याचे डोळे असे पाहिले नव्हते.

गुरुवारी दुपारी समोरची धोंडाबाई गेली. जनार्दनची आई, नव्वदीची. तिचं सोनं झालं असंच सगळे म्हणाले. पण भावकीला दहा दिवसांचं सुतक आलं. देवीच्या घटाला पाणी घालायला सुतारांच्या सुनेला बोलावलं. आणि कुणी काही सांगायच्या आत गोजराबाईनं आपल्या हातानं टीव्हीची वायर काढली आणि त्यावर जुनं लुगडं टाकलं.

तिला भावकीतल्या एकनाथच्या सुनेची गोष्ट आठवत होती. त्या बाईनं सुतकात टीव्हीवरची मालिका लावली, तर पुढं तिच्या लेकीच्या लग्नात भावकीतली चार घरं जेवली नाहीत. जेवणाचं एक वेळ चालेल. राजूची खाट उचलायला कुणी आलं नाही तर?

राजूनं लुगड्याकडे पाहिलं. तो समजूतदार होता, चिडला नाही. शुक्रवारी म्हणाला, "आये, निषादला कसलं सुतक? त्यो मला वर न्हील."

"बगू," ती म्हणाली.

शनिवारी निषादच अंगणात आला. "काकू, तुमच्याकडे टीव्ही बंद असेल ना? काही प्रॉब्लेम नाही. उद्या मित्र येतायत, आम्ही तिघं राजूला उचलून वर नेतो. तुम्ही काळजी करू नका."

गोजराबाईनं जिन्याकडे पाहिलं. जिन्यासमोर जनार्दनचा ओटा, आणि ओट्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत भेटायला आलेली माणसं. त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सुतकात, ऐन दसऱ्याला, लाल शर्ट घालून तिचा पोरगा वरात निघाल्यासारखा जिना चढणार.

"राजूला ताप हाय रं," ती म्हणाली. "डाक्टर म्हनलं, जागवू नगा. आत्ता झोपलाय, उठवू नगंस."

निषादचं तोंड उतरलं. काही लागलं तर हाक मारा, म्हणून तो गेला. ती आत आली.

"निषाद व्हता ना? काय म्हनला?" राजूनं विचारलं.

"दसऱ्याला गावाकडं चाललाय. आक्कोल्याला."

खोटं इतक्या सहज तोंडातून पडलं की तिचं तिलाच नवल वाटलं. राजू म्हणाला, "घरची याद आली आसंल." आणि शर्ट परत कपाटात ठेवायला सांगितलं.

दसऱ्याला दाराला तोरण नव्हतं, कुणी सोनं द्यायला आलं नाही. रात्री राजूनं चतकोर भाकरी खाल्ली. तिनं दिवा मालवला आणि खाटेच्या शेजारी अंथरूण टाकलं. तिला वाटलं, पोर झोपेल, उद्या उजाडेल, रेस काय पुढच्या वर्षीही असते.

साडेनऊला स्लॅबमधून आवाज आला. आधी बारीक, मग खुर्च्या सरकल्या, मग तो ओळखीचा, कानात घुसणारा इंजिनांचा घोंगाट.

"निषाद गेला न्हाई वाटतं," राजू अंधारात म्हणाला.

"त्याचा कोन मैतर आला आसंल."

"आसंल."

एवढ्यात वरून निषादच हसला. ते हसणं दोघांच्याही ओळखीचं होतं. गोजराबाईनं डोळे मिटून घेतले आणि लाईट जावी म्हणून देवाला हात जोडले. एरवी दिवसाआड जाणारी लाईट त्या रात्री गेली नाही. पावणेदोन तास ती पडून होती आणि पावणेदोन तास राजू छताकडे बघत होता. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तिला त्याचे उघडे डोळे दिसत होते. वर मध्येच कुणी ओरडलं की चादरीवरची त्याची दोन बोटं हलायची. त्याचा घसा शाबूत होता. एक हाक मारली असती तर निषाद तीन-तीन पायऱ्या उतरत आला असता. राजूनं हाक मारली नाही. शेवटी वर सगळे उठून नाचायला लागले, स्लॅब हादरला. त्यावरूनसुद्धा कोण जिंकलं ते कळत नव्हतं.

सोमवारी सकाळी ती नळावर हंडा भरत होती. जनार्दन तांब्या घेऊन आला. मुंडण केलेलं डोकं, डोळे सुजलेले.

"वयनी, वरच्या पोरांनी रातच्याला लई दंगा केला," तो म्हणाला. "ती गाड्यांची शर्यत व्हती न्हवं का? राजूनं बगितली का?"

"सुतकात कशी बगंल, भावजी?"

"आगं, त्या पोराला कसलं सुतक घालतीस?" जनार्दन चिडूनच बोलला. "आई नव्वदीची. आमच्यात परवा पोरांनी बारीक आवाज करून क्रिकेटची म्याच लावली, मी काय बोललो का? राजू तर तिचा लाडका. मला नुसतं म्हनली आस्तीस, तर मीच दोन पोरं लावून त्येला वर न्हेला आस्ता."

हंडा भरून वाहायला लागला होता. ज्या माणसाच्या भीतीनं तिनं हे केलं, त्याला एका शब्दानं विचारायचं तिला सुचलं नव्हतं. साऱ्या गावाला फाडून खाणाऱ्या बाईला एक प्रश्न विचारता आला नाही! तिनं हंडा तिथंच टाकला आणि घराकडे धावली. राजूला सगळं खरं सांगायचं, पायावर डोकं ठेवायचं, असं म्हणत ती दारात आली, तर निषाद ऑफिसची बॅग लावून खिडकीशी उभा होता.

"राजू! उतरला का रे ताप?" तो आत वाकून विचारत होता. "काय मिस केलंस यार! आपला लालवाला जिंकला! चॅम्पियन! त्या नवख्याची गाडी मध्येच हळू पडली. एका पॉइंटनं, राजू, फक्त एका!"

गोजराबाई उंबऱ्यावर थिजली. आता दोन्ही खोटी एकमेकांसमोर उभी होती आणि राजूनं तोंड उघडायचा अवकाश होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिची ओली साडी, तिचा धपापणारा ऊर, सगळं एकदा पाहून घेतलं.

"व्हय रं," तो निषादला म्हणाला. "लई ताप व्हता. डोळं उघडत न्हवतं. आयेनं रातभर कपाळावर पट्ट्या ठिवल्या."

"तरीच काकू इतक्या दमलेल्या दिसतायत," निषाद म्हणाला आणि बसची वेळ झाली म्हणून पळाला.

ती खाटेजवळ जाऊन बसली. "मला शिव्या दे, राजू. काय वाट्टंल ते बोल."

"येका गुनानं म्हनला न्हवं?"

"व्हय. येका."

"बरं झालं," तो म्हणाला. "मला भिताडाकडं वळीव."

तिनं त्याला कुशीवर केलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं, हे तिला त्या क्षणीच कळलं. त्यानं दिल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दहाव्यानंतर तिनं टीव्हीवरचं लुगडं काढलं, पण त्यानं लाव म्हटलं नाही. निषादनं नव्या वर्षाच्या कॅलेंडरात अठरा गोल करून दिले. राजू छान म्हणाला. सकाळी "किती राह्यलं" हे मात्र त्यानं पुन्हा विचारलं नाही. भाकरी चतकोरावर आली ती चतकोरावरच राहिली, पाठीच्या जखमा चिघळल्या आणि माघात, पहिल्या गोलाला महिना असताना, तो गेला.

तिरडीला खांदा द्यायला भावकी सगळी आली, कुणी मागं राहिलं नाही. निषादही होता. स्मशानातून आल्यावर तो गोजराबाईजवळ बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"काकू, त्या रात्री ताप आला नसता, तर निदान ती रेस तरी बघितली असती त्यानं."

खरं तिच्या ओठांवर आलं होतं. सांगून टाकलं असतं तर छातीवरचा धोंडा थोडा हलका झाला असता. पण राजूनं तिच्यासाठी जे राखलं होतं, ते मोडायचा हक्क आता तिला नव्हता.

"व्हय, बाबा," ती म्हणाली. "लई ताप व्हता."