सगळ्या गाड्यांचा ड्रायव्हर

१९९६ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि मुलाकडं अमेरिकेत, कॅरी गावात राहायला गेलो होतो. माझी शाळा चौथीपर्यंत. पण घाटातली बस, दुधाचा टँकर, उसाचा ट्रक, रस्त्याचा रोलर, जे हातात दिलं ते मी चालवलं. एकाही गाडीनं मला नाही म्हटलं नाही.

एका शनिवारी मुलगा मला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला. तिथं एक नावाजलेला रेस ड्रायव्हर टोप्यांवर सह्या द्यायला आला होता. रांग दारापर्यंत. मुलाच्या ऑफिसातला एक पुण्याचा मित्रही बरोबर होता. तो मला सांगायला लागला, "काका, हा माणूस वेगळाच आहे. मातीच्या ट्रॅकवर सुरुवात केली, मग साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या स्टॉक कार, मग ती उघड्या चाकांची रेसगाडी, चोवीस तासांची रेस, आता म्हातारपणी पिकअप ट्रकसुद्धा. काहीही द्या, ड्राइव्ह करतो."

मला बरं वाटलं. म्हटलं, हा आपल्या धंद्यातला माणूस.

मग त्या मित्रानं विचारलं, मी नोकरी कसली करायचो. मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "बाबा ट्रान्सपोर्टमध्ये ऑफिसर होते."

आमचा नंबर आला. तो ड्रायव्हर माझ्याच वयाचा, मान उन्हानं रापलेली. मी हात पुढं केला आणि होतं नव्हतं तेवढं इंग्रजी काढलं, "आय ड्रायव्हर. बस, ट्रक, टँकर. सेम."

त्यानं पेन थांबवून माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात मुलगा हसला आणि त्याला घाईघाईनं काहीतरी बोलला. मला दोनच शब्द कळले, जोकिंग आणि ऑफिसर. मग तोही हसला, सही पुरी करून त्यानं टोपी मुलाला दिली आणि मागच्याची घेतली.

परतताना मुलगा म्हणाला, सगळ्यांना सगळं सांगायची काय गरज असते. हा इंजिनिअर झाला तो माझ्या स्टेअरिंगवर. परक्या ड्रायव्हरसाठी तासभर ताटकळला, आणि बाप ड्रायव्हर म्हणायला याची जीभ अडते. घरी आल्यावर ती टोपी त्यानं हॉलमध्ये टांगली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणायला निघालो. त्यानं माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. मी मागचं उघडलं आणि मागं जाऊन बसलो.

"बाबा, पुढं या ना."

"ऑफिसर मागंच बसतो," मी म्हणालो. "काढ गाडी, ड्रायव्हर."