न चाखलेला दुधी

बाळांनो, परदेशी जाताना तुम्ही तुमचा कुत्रा माझ्या हवाली केलात, त्याच दिवशी मी यादी करून फ्रिजवर लावली. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका अजिबात नाही. आंब्याची कोय दिसेल तिथून उचलायची. गाजर, लाल भोपळा, दुधी चालेल, पण उकडून, बिनमिठाचा. टोकावडे गावातल्या आपल्या परसात पिकेल ते या यादीप्रमाणेच त्याच्या ताटलीत जायचं.

तो श्रावणी सोमवार होता. मांडवावरचा दुधी काढून फोडी उकडल्या. थोड्या त्याच्या दहीभातात कालवल्या, बाकीच्या नैवेद्याच्या भाजीसाठी ठेवल्या. नैवेद्याचं आधी चाखायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त मी जन्मभर पाळली. कुत्र्यानं ताटलीचा वास घेतला आणि मागे सरला.

"नखरे नकोत!" मी दरडावलं, आणि हातानं भरवलं.

तासाभरात तो ओकू लागला. थांबेचना. तिसऱ्या वेळी फेसात रक्त दिसलं. त्याचे पाय लटपटत होते, नजर मात्र माझ्यावरच. फोनवर जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर सापडेना, म्हणून मी शेजारी हाक मारली.

शेजारीण हाक ऐकून धावत आली. "काय घातलंस त्याला, गो आजी?"

"दुधीच. यादीतला."

तिनं उरलेल्या फोडीला जीभ लावली आणि पचकन थुंकली. "अगो, कडू जहर हाय! चाखला नाय?"

"नैवेद्याचा होता."

"मंग देवाला कडू चालतो काय? ह्याला बोलता येत नाय, पन तोंड तरी फिरवला असंल ना!"

मी त्याचं तोंड पुसलं.

तिनंच रिक्षा आणली. मुरबाडच्या दवाखान्यापर्यंत तो माझ्या मांडीवर होता. श्वास चालू आहे का, ते मी सारखी हात लावून बघत होते. डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, "कडू दुधी उकडला तरी विषारीच. वाचेल की नाही, उद्या सांगतो."

तेवढ्यात तुमचा व्हिडिओ कॉल आला. "आजी, तो कुठाय?"

"झोपलाय," मी म्हणाले. तो समोरच्या टेबलावर निपचित पडला होता. आज हे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी त्यानं चार घास भात खाल्ला, तेव्हा मला रडू आलं. आता प्रत्येक फोड आधी माझ्या जिभेवर येते, नैवेद्याचीसुद्धा. तरी परवा तो भरल्या ताटलीपाशी नुसता थबकला. या वेळी मी दरडावलं नाही, ताटली उचलली.