चिखलाचे टायर आणि हुफूफची वाळू

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघे एकाच वेळी बोलत होतात, त्यामुळे मला निम्मेच कळले. एवढे समजले की तुम्ही जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली आहे, हिवाळ्यात तिला बर्फातल्या आडवाटांवर न्यायचे आहे आणि टायर कोणते बसवायचे यावरून तुमच्यात भांडण आहे. धाकटीला रुंद हवेत, थोरल्याला अरुंद. बर्फाबद्दल मला काही सांगता येणार नाही. मी तो तुमच्याच घरी, खिडकीच्या आतून, शाल पांघरून पाहिला आहे. पण टायरवरून घरात पेटलेले भांडण मला चांगले माहीत आहे. ते सौदीत, हुफूफला झाले, आखाती युद्ध तोंडावर आलेले असताना. आम्ही चौघे एकत्र राहणार की नाही हे त्या टायरांवर ठरायचे होते. तुमच्या बाबाला त्यातले अर्धे आठवते आणि उरलेले तो मनाने रचतो. आजोबा आता सांगायला नाहीत. म्हणून मी लिहिते.

आजोबा तेव्हा तिथल्या एका कारखान्यात हिशेब बघत. तुमचा बाबा नऊ वर्षांचा होता, आत्या सहाची. इराकने कुवेत घेतल्यावर तिथून वाळवंट तुडवत सुटलेल्या आपल्या लोकांच्या हकिगती कानावर येऊ लागल्या. शाळा बंद झाली. हायवेवर लष्करी गाड्यांची रांग तुटत नसे. कारखान्याने कळवले की बायकामुलांना भारतात पाठवायचे असेल तर विमानात जागा मिळवून देऊ, नावे लवकर द्या. पुरुषांना मात्र जाता येणार नव्हते. त्यांचे पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे नोकरीला ठेवून घेणाऱ्या तिथल्या हमीदाराच्या, कपाटात होते.

आजोबा म्हणाले, "तू मुलांना घेऊन जा."

मी म्हटले, "आणि तुम्ही इथे एकटे रेडिओ ऐकत बसणार?"

बराच वाद झाल्यावर मी एक अट घातली. हायवे बंद झाला तर आपल्या चौघांना वाळूतून रियाधच्या दिशेने नेईल अशी गाडी उभी करा आणि मला चालवून दाखवा. ती चालली तर मी राहते. नाही चालली तर मुलांची आणि माझी नावे देऊन टाका.

त्यांनी लगेच एक वापरलेली जपानी फोर-व्हील-ड्राइव्ह आणली आणि मदतीला चिपळूणचा एक वेल्डर घेतला. तो कामगारांच्या कॅम्पात राहायचा आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा. मला वहिनी म्हणायचा. दोघेही कोकणातले. रस्ता नसलेली जागा म्हणजे पावसाळ्यातला चिखल, हे त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले. त्यांनी दुकानातून ट्रॅक्टरसारखे खोल खाचांचे टायर निवडून आणले आणि ओझे वाहायचे म्हणून ते टणक होईपर्यंत हवा भरली. मागच्या स्प्रिंगांना जादा पाटे टाकले. वेल्डरने पुढे लोखंडी गार्ड बसवला, टपावर कॅरियर, त्यावर पाण्याच्या आणि पेट्रोलच्या कॅनसाठी चौकटी.

"वहिनी, ही आता डोंगर फोडील," तो म्हणाला.

"डोंगर नकोत हो. वाळू आहे. आणि गाडी आहे की तोफखाना?"

"तुला काय कळतंय त्यातलं," आजोबा म्हणाले आणि टायरला लाथ मारून तो किती टणक आहे ते मला दाखवले.

पहिली चाचणी एका शुक्रवारी सकाळी झाली. पळायच्या दिवशी लागेल ते सगळे सामान मी गाडीत भरले होते, तांदूळ आणि प्रेशर कुकर धरून. खजुराच्या बागा संपल्या, डांबरही संपले. गाडी वाळूत शिरली आणि थोड्याच अंतरावर पुढे जायचे सोडून खाली जाऊ लागली. आजोबांनी जोर वाढवला तशी ती आणखी बसली. त्या खोल खाचा चिखल पकडतात तशा वाळू पकडत नव्हत्या, खणत होत्या. शेवटी गाडी पोटावर टेकली. तुमच्या बाबाने विचारले, "आई, आता आपण इंडियाला जाणार?"

तेवढ्यात एक पिकअप आली. त्यात एक वयस्क गृहस्थ, त्यांचे कुटुंब आणि दोन बकऱ्या. ते बागायतदार होते, सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन सहलीला निघालेले. पिकअप आमच्या बाजूने सहज चालत आली, पण तिचे चारही टायर रुंद, झिजलेल्या चपलेसारखे गुळगुळीत आणि खाली फुगलेले होते. मदतीला आलेल्या माणसाचेच नुकसान नको, म्हणून आजोबांनी पुढे होऊन मोठ्या काळजीने त्यांना खुणेने दाखवले, तुमच्या टायरांत हवा नाही!

त्या गृहस्थांनी आधी आपल्या टायरांकडे पाहिले, मग आमच्या, आणि हसता हसता ते वाळूतच बसले. गाडीतल्या बायकाही हसू लागल्या. मग त्यांनी दोर बांधून आम्हाला ओढून काढले, आमच्या टायरवर बोट वाजवले आणि म्हणाले, "खलास." जाताना आत्याच्या ओंजळीत खजूर दिले.

घरी येऊन मी भाकऱ्या करायला बसले तेव्हा ते दाराशी येऊन उभे राहिले.

"उद्या नावं देऊन टाकतो," ते म्हणाले.

माझा हात पिठावर होता. मी म्हटले, "इकडे बघा." मी उंड्यावर बोट टेकवले, ते आत गेले. मग तोच जोर देऊन सपाट तळवा ठेवला. उंडा नुसता पसरला. "तुमचे टायर बोटं आहेत. त्या माणसाचे तळवे होते."

"म्हणजे हवा काढून गाडी चालवायची? त्याला पंक्चर म्हणतात."

"पंक्चर झालेली गाडी चालली. तुमची रुतली."

दुसऱ्या दिवशी मात्र ते नावे द्यायला गेले नाहीत. टायरच्या दुकानात गेले. दुकानदार चिखलाचे टायर परत घ्यायला तयार नव्हता, पण पुष्कळ घासाघीस झाल्यावर बदल्यात रुंद, कमी खाचांचे वाळूचे टायर दिले. ओझे कमी करायला वेल्डरला आपला गार्ड स्वतःच कापावा लागला. "पोटच्या पोरासारखा बनवला होता, वहिनी," तो म्हणाला आणि मशीन सुरू केले. कॅरियर उतरले, जादा पाटे निघाले. सामान मी कमी केले. कुकर ठेवला, कारण त्यात काहीही शिजते. पितळेचे डबे, चादरींचा गठ्ठा आणि माझे शिलाई मशीन यादीतून काढले. पाणी तेवढे कमी करू दिले नाही. परत डांबरावर आल्यावर हवा भरायला पायाचा पंप घेतला.

नावे देण्याची मुदत संपायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. डांबर संपले तिथे आजोबा उतरले आणि चारही टायरांतली हवा सोडू लागले. टायर खाली बसताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग गाडी वाळूत शिरली. इंजिनाचा आवाज जड झाला, मागचे टोक थोडे घसरले, आणि मग ती नुसती चालत राहिली. समोर एक टेकाड होते. आजोबांनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. आम्ही वर चढलो. वरून खाली हुफूफच्या बागा दिसत होत्या, एवढ्या हिरव्या की डोळ्यांना थंड वाटले.

मी म्हटले, "नावं देऊ नका."

आजोबा बराच वेळ रुमालाने गाडीची समोरची काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

युद्ध आले. विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना टेप लावलेल्या खोलीत आम्ही चौघे एकत्र बसलो. भीती वाटली, खोटे कशाला सांगू. पण हायवे बंद झाला नाही आणि त्या गाडीला पळायची वेळ आली नाही. युद्ध संपले तेव्हा वाळवंटात पाऊस पडून गेला होता आणि लोक फगा शोधायला निघाले होते. फगा म्हणजे वाळूखाली उगवणारी बटाट्याएवढी अळंबी. आम्हीही निघालो, हवा कमी केलेल्या टायरांवर. वेल्डर मागच्या सीटवर तुमच्या बाबाला आणि आत्याला मांडीवर घेऊन गात होता. आजोबा आता भेटेल त्याला, हवा कमी करा म्हणून सांगत, जणू हा शोध त्यांचाच. मी त्यांना कधी अडवले नाही.

तेव्हा तुमच्या भांडणात मी एकीची किंवा एकाची बाजू घेणार नाही. टायर घेण्याआधी त्या वाटेवर रोज जाणाऱ्यांच्या गाड्यांची चाके बघा आणि सामान निम्मे करा.

हुफूफ सोडताना गाडी विकली, टायर तिच्याबरोबर गेले. एका चाकाची ट्यूब मात्र आजोबांनी बॅगेत घालून घरी आणली. तिच्यावर तुमचा बाबा आणि आत्या आपल्या विहिरीत पोहायला शिकले. तिला बरीच ठिगळे आहेत. ती पडवीत खुंटीला टांगलेली आहे, आणि पंपाने भरली तर अजून फुगते.