हवालदारांची हिरवी गाडी

स्पर्धा हा मानवी संस्कृतीचा आत्मा आहे, असं माझं एके काळी ठाम मत होतं. वाशीमला एसटी स्टँडसमोरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हा आत्मा दर सोमवारी संध्याकाळी बाकड्यावर येऊन बसायचा, आणि पहिला चहा कोणी सांगायचा यावर बराच वेळ अडून राहायचा.

दुकान हवालदारांचं. त्यांचं नाव पाटीवर होतं, पण ते कोणी घेत नसे. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेच्या सिग्नल विभागात होते आणि इटलीत लढून आले होते. गाव त्यांचं साताऱ्याकडचं. बायको वाशीमची, म्हणून इथे आले. पुढे बायको गेली, मूलबाळ नव्हतं, आणि परत जाण्यासारखं तिकडे काही उरलं नव्हतं. दुकानाच्या मागच्या खोलीत ते राहत आणि पुढच्या खोलीत रेडिओ उघडून बसत.

मी तेव्हा हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. सत्तरच्या दशकाचा मध्य होता. राजकारणावर लोक हळू आवाजात बोलत. त्याची भरपाई म्हणून इतर सगळ्या विषयांवर मोठ्याने बोलत. आमच्या बाकड्याचा विषय होता परदेशातल्या मोटारींच्या शर्यती. आमच्यातल्या कोणीही अशी शर्यत पाहिली नव्हती. त्यामुळे मतं पक्की होती.

शर्यती युरोपात रविवारी होत. हवालदार रात्री शॉर्टवेव्हवर लंडनच्या इंग्रजी बातम्या लावून निकाल ऐकत आणि सोमवारी आम्हाला सांगत. सांगत म्हणजे जाहीर करत. त्यासाठी ते फौजेतला कोट घालत, मे महिन्यातसुद्धा. काउंटरवर रेडिओतले जळालेले काचेचे व्हॉल्व एका ओळीत मांडत. एकेक व्हॉल्व म्हणजे एकेक गाडी. एकाला लाखेचा लाल ठिपका लावलेला होता. मग स्क्रू ड्रायव्हरने पत्र्याच्या डब्यावर दोनदा टकटक करत, घसा साफ करत, आणि शेवटच्या क्रमांकापासून वर येत. पहिल्या क्रमांकाआधी पाणी पीत. लोकसभेचे निकालही इतक्या गांभीर्याने ऐकल्याचं मला आठवत नाही.

बाकड्यावर कायमचे आम्ही तिघं. मी, कापड दुकानवाले शेटजी, आणि मंगरूळपीरचा एक ट्रक ड्रायव्हर. त्याला सगळे उस्ताद म्हणत. त्याच्यासोबत कधी क्लीनर, कधी दुसरे ड्रायव्हर येत. मग बाकडं पुरत नसे, आणि हवालदार मागच्या खोलीतून बसायला पेटी आणून द्यायचे. ती आणताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असे. घरी पाहुणे आल्यासारखा.

लाल गाड्यांचा संघ हा हवालदारांचा संघ. वर्षानुवर्षं तो जिंकता जिंकता राहायचा. आणि मग एका वर्षी जिंकायला लागला. पहिल्यांदा जिंकला तेव्हा हवालदारांनी जिलेबी मागवली. दुसऱ्यांदा चहा पाजला. नंतर मात्र लाल व्हॉल्व पहिला ठेवायला त्यांचा हात पुढे झाला की उस्ताद जांभई द्यायला लागला.

"परत लालच का?" तो म्हणाला. "मंग पानी कायले पेता, हवालदार? सांगून टाका ना सिद्धं."

"जो चांगला आहे तो जिंकतो," हवालदार म्हणाले.

"जिंकू द्या ना. पन कोन जिंकनार हे आधीच माहीत असन, तर मानूस ऐकाले कायले येईन?"

शेटजींना हे पटलं नाही. "माह्या दुकानातून वीस वर्सांपासून एकाच गिरनीचा लठ्ठा जाते," ते म्हणाले. "कोनी आलं का मले म्हनाले, शेटजी, आता दुसऱ्या गिरनीले चानस द्या? चांगला माल हाय, चालते. त्यात बिघडलं काय?"

"शेटजी, लठ्ठा पाहाले कोनी बाकड्यावर येऊन बसते का?"

शेटजींनी थोडा विचार केला आणि चहा प्यायला घेतला. मीही त्यात पडलो. संघ इतका चांगला असेल तर त्याचं कौतुक व्हायला हवं, रंजकपणा ही बघणाऱ्याची गरज आहे, खेळाची नाही, असं काहीसं मी बोललो. उस्तादने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मास्तर, तुमी परीक्षेच्या आधीच पोराइले निकाल सांगून पाहा. कोनी येते का शाळेत मंग ते पाहा."

हा वाद दोन-तीन सोमवार चांगला रंगला. वाद रंगतो आहे तोवर माणसंही येत होती. पण लाल गाडी काही थांबेना, आणि वादातलं सगळं बोलून झालं. उस्ताद येईनासा झाला. त्याच्याबरोबर येणारे तर आलेच नाहीत. पेटी मागच्या खोलीतच राहिली. शेटजी येत, पण डब्यावरची टकटक होईपर्यंत त्यांचा डोळा लागलेला असे. एका सोमवारी मी उशिरा पोचलो तर दुकानात कोणीच नव्हतं. हवालदार कोट घालून काउंटरमागे उभे होते. व्हॉल्व मांडून झाले होते.

"या गुरुजी," ते म्हणाले. "सुरू करतो." आणि त्यांनी माझ्या एकट्यासाठी शेवटच्या क्रमांकापासून सुरुवात केली, पहिल्याआधी ते पाणीसुद्धा प्यायले.

झाल्यावर ते म्हणाले, "मागची खोली मला पुरते, गुरुजी. पुढची फार मोठी पडते हो एकट्याला."

त्यानंतरच्या शर्यतीत हिरवी गाडी जिंकली.

हिरव्या गाडीचं नाव आम्ही त्याआधी फारसं ऐकलं नव्हतं. हवालदारांनी सांगितलं की पाऊस आला, सगळ्यांनी चाकं बदलली, हिरव्याने बदलली नाहीत, आणि शेवटच्या वळणावर लाल गाडीचं इंजिन तापलं. सांगताना त्यांचा आवाज बसला होता. शेटजी जागे होते. बातमी दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरला पोचली, आणि पुढच्या सोमवारी उस्ताद दोन ड्रायव्हर घेऊन हजर झाला. "काहून, हवालदार, आमाले कळवलं नाई? तुमची लाल हारली म्हनून का?" पेटी बाहेर आली.

पुढची शर्यतही हिरव्याने जिंकली, मग एक लाल, मग पुन्हा हिरवी. विजय सांगताना हवालदार सरकारी पत्रकासारखे बोलत, पण पराभव सांगताना त्यांना शब्द सापडत. लाल गाडी हरताना त्यांचे डोळे ओले व्हायचे, आणि लोकांना ते फार आवडायचं. आता स्टँडवरचे कंडक्टरही दारात उभे राहू लागले.

नगरपालिकेच्या वाचनालयात मुंबईचं एक इंग्रजी वर्तमानपत्र दोन दिवस उशिरा यायचं. ते माझ्याशिवाय फक्त ग्रंथपाल उघडायचा, तेही नीट घडी घालण्यासाठी. खेळाच्या पानावर, हॉकीच्या खाली, कोपऱ्यात मला तीन ओळी दिसल्या. लाल गाडी पहिली. हिरव्या गाडीचा उल्लेख नव्हता. छपाईची चूक असेल असं मी धरलं. पुढच्या वेळीही तीच चूक होती.

मी दुपारच्या सुट्टीत दुकानात गेलो. हवालदार एका ट्रान्झिस्टरच्या तारांना कथलाचा डाग देत होते.

"वर्तमानपत्रात वेगळं आलंय," मी म्हणालो.

त्यांनी डाग द्यायची इस्त्री खाली ठेवली. "कोणाला बोललात?"

"कोणालाच नाही."

"बोलणार?"

सत्याच्या महत्त्वावर दरवर्षी मी दहावीकडून निबंध लिहून घेत असे, आणि त्यात सगळ्यात जास्त गुण पाठ करून लिहिणाऱ्याला देत असे. त्यामुळे या विषयात माझा अधिकार किती, हे मला ठाऊक होतं.

"इटलीत आम्ही एका गोठ्यात मुक्कामाला होतो," हवालदार म्हणाले. "गवताच्या ढिगाखाली शर्यतीची गाडी होती. जर्मनांनी नेऊ नये म्हणून लपवलेली. लाल. गोठ्याच्या म्हाताऱ्या मालकाने मला हात लावू दिला, बस, तेवढंच. तेव्हापासून मी तिच्या मागे आहे. आता ती जिंकायला लागली तर ऐकायला कोणी येत नाही. हरली तर उभं राहायला जागा नसते. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा, कुठली गाडी पळवू?"

त्यांनी पुन्हा इस्त्री उचलली.

दिवाळीच्या आधी उस्ताद कापसाच्या गाठी घेऊन मुंबईला गेला. परत आला तो एक जाडजूड इंग्रजी मासिक घेऊन. फुटपाथवरून खास शोधून आणलेलं, तोवरच्या सगळ्या शर्यतींचा आढावा असलेलं. त्याच्या मनात शंका अजिबात नव्हती. त्याला ट्रकच्या मागच्या फळीवर हिरवी गाडी रंगवून घ्यायची होती आणि पेंटरला नमुना हवा होता.

सोमवारी दुकान भरलं होतं. उस्तादने मासिक माझ्या हातात दिलं. "वाचा मास्तर. हिरवीचं वाचा, मोठ्यानं."

मी हवालदारांकडे पाहिलं. ते कोटात उभे होते. कपाळावर घाम होता, पण तो कोटामुळेही असेल. मी मासिक चाळत राहिलो.

"मास्तर, वाचून राह्यले का चित्रं पाहून राह्यले?" एक ड्रायव्हर म्हणाला.

"वाचा, गुरुजी," हवालदार म्हणाले. "छापलं असेल ते वाचा."

मी वाचलं. एकेक शर्यत, एकेक निकाल, मराठीत करून. बहुतेक शर्यती लाल गाडीच्या होत्या. हिरव्या गाडीचं नाव एकाच ठिकाणी आलं होतं. तिथे ती सुरुवातीलाच बंद पडली होती. मी मासिक मिटलं तेव्हा बाहेर एक बस मागे घेत होते आणि कंडक्टर बसच्या पाठीवर थापा मारत होता.

"परत वाचा," उस्ताद म्हणाला.

मी परत वाचलं. निकाल तेच होते.

उस्तादने मासिक काढून घेतलं, पानं उलटली, लाल गाडीचा फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, वाईट नोका वाटून घेऊ. तुमचं इंग्रजी पुस्तकातलं हाय. हवालदार गोऱ्याइच्या संग राह्यले. तुमी गोरा पाह्यला तरी हाय का जवळून?"

मी पाहिला नव्हता.

"होते चूक मानसाची," शेटजी समजुतीने म्हणाले. "कठीन भाषा हाय."

तेव्हा हवालदारांनी कोटाचं वरचं बटण काढलं. ते बटण मी त्यांना लोकांसमोर कधी काढताना पाहिलं नव्हतं. "गुरुजींनी वाचलं ते बरोबर आहे," ते म्हणाले. "लालच जिंकत होती. मी तुम्हाला खोटं सांगत होतो."

क्षणभर मला वाटलं, आता बाकडं कायमचं रिकामं होणार. हवालदारांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली होती.

उस्ताद उठला आणि त्याने हवालदारांच्या खांद्यावर हात ठेवला. "पाह्यलं का रे," तो आपल्या माणसांना म्हणाला, "याले म्हन्तात मोठं मन. मास्तरची फजिती झाली, तर बिचाऱ्यानं सोताच्या अंगावर घेतलं."

"नाही, उस्ताद, मी खरंच…"

"पुरे करा, हवालदार. मास्तर आपलाच मानूस हाय. आमी कोनाले सांगनार नाई." आणि त्याने चहा सांगितला, सगळ्यांचा. कोणी चहा सांगायचा यावर त्या दिवशी वाद झाला नाही.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, पण ती कशाबद्दल, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. त्यांनी चहा घेतला, आणि मग, बराच वेळ तो हातात धरून ठेवल्यावर, प्यायला.

पेंटरने मासिकातल्या लाल गाडीचं हुबेहूब चित्र काढून त्यात हिरवा रंग भरला. उस्तादचा ट्रक ते चित्र मिरवत अकोल्यापर्यंत जाई. त्या मोसमाचं अजिंक्यपद हिरव्या गाडीला मिळालं. उस्तादने दुकानात पेढे वाटले आणि हवालदारांनी एक पेढा घेतला. पुढच्या वर्षी खरं सांगायची सोय त्यांना उरली नव्हती. रविवारी रात्री लाल गाडी जिंकल्याचं ते एकटे ऐकत आणि सोमवारी तिला हरवत. कधी कधी निकाल सांगून झाल्यावर ते मला थांबवून विचारत, "वाचनालयात काय आलंय?" मी म्हणायचो, "लाल." ते म्हणायचे, "किती फरकाने?" मला ठाऊक असलं तर सांगायचो. मग ते कोट काढून खुंटीला लावायचे.

बाकडं मात्र भरलेलं राहिलं. आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर शेटजींनी आपल्या मुलाची इंग्रजीची शिकवणी माझ्याकडून काढून दुसऱ्या मास्तरांकडे लावली.