गोदामातली आई

"बहनजी, ये सब पीछे गोदाम में," गोल बाजारातला साडीवाला आईला म्हणाला.

"भूक लागली ना त्याले," आई पुटपुटली आणि माझ्या तान्ह्या भावाला घेऊन दुकानाच्या गादीवरून उठली. मागे बारदानावर बसून तिनं त्याला पाजलं. नव्या साडीच्या खळीचा वास आला की मला अजून तिची खाली गेलेली मान दिसते.

परवा त्याच वासात, त्याच गादीवर, मी माझ्या पोट्टीला पाजायला घेतलं. ओढणीही ओढली नाही. साडीवाला म्हातारा झालाय. त्यानं नजर वळवली, पण गिऱ्हाईक सोडवेना. फळी रिकामी होईस्तोवर मी त्याला एकेक साडी उलगडायला लावली. एरवी भाव विचारतानाही माझा आवाज फुटत नाही.

पोट्टीचं पोट भरलं, तेव्हा मी म्हणाले, "एक भी नहीं लेनी, भैया. सब पीछे गोदाम में रख दो."